खोडे गुरुजींचा गरीब बिबट्या

दशरथ खोडे गुरुजींनी हिंगणघाटातल्या निम्म्या पुरुषांचे कान त्यांच्या लहानपणी पिरगाळले होते, पण त्यांच्या गोष्टीत मात्र कधी कोणाच्या पायात काटासुद्धा मोडला नाही. मरण तर फार लांबची बाब. त्यांच्या गोष्टीतल्या म्हातारीला खोकला येत नसे, साप कोणाला चावत नसे, झाडावरून पडलेलं पोर कपडे झटकून घरी जेवायला जाई. अशी गोष्ट ऐकायला बसलं की पहिल्या वाक्याला जांभई येते आणि ती पुरी होण्याच्या आत गोष्ट संपते. हा गृहस्थ स्वतःला लेखक समजत असे, आणि एका उन्हाळ्यात मला त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपावं लागलं.

त्या वेळी आमचा वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि हुकूम नागपुरातून सुटत. गावोगाव प्रौढांचे वर्ग निघाले होते. बायामाणसं कंदिलाभोवती बसून अक्षरं गिरवत, सही करायला शिकत, आणि मग वाचायला काहीच नसल्यामुळे शिकलेलं विसरून पुन्हा अंगठा लावत. सरकारच्या हे ध्यानात आल्यावर सरकारनं सरकारी उपाय काढला. मे महिन्यात मास्तर लोक रिकामे असतात. त्यांना एका जागी कोंडावं आणि त्यांच्याकडून या नवसाक्षरांसाठी सोपी पुस्तकं लिहून घ्यावी. मे महिन्यात वर्ध्याकडे माणूस घाम पुसण्यापलीकडे काही करू शकत नाही, हे नागपूरला ठाऊक नव्हतं असं नाही. तिथंही तेच ऊन पडतं. पण हुकूम काढणाऱ्याच्या खिडकीला वाळ्याची ताटी असते.

शिबिर सेवाग्रामच्या रस्त्यावर, वस्तीपासून दूर एका बुनियादी शाळेत भरलं. जमलेले मास्तर पाहून मला मराठी भाषेची काळजी वाटली. कोणी सासुरवाडीचं लग्न चुकवायला आला होता, कोणाला हेडमास्तरनं मुद्दाम धाडलं होतं. माझ्या एका बाजूला पुलगावचा वानखेडे होता. लेखनाशी त्याचा संबंध हजेरी मांडण्यापुरता, पण शाळेच्या मागे आमराई आहे हे त्यानं येण्याआधीच विचारून घेतलं होतं. मी देवळीहून आलो होतो. मला लेखक व्हायचं होतं, म्हणजे आलेल्यांत मी एकटाच लायक होतो, असं माझं मत होतं. ते बदलावं असं अजून काही घडलेलं नाही.

माझ्या दुसऱ्या बाजूची खाट रिकामी होती. दुपारी टांगा आला आणि टांगेवाल्याशी भांडत खोडे गुरुजी उतरले. पन्नाशी ओलांडलेली, अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, डोक्यावर काळी टोपी, कानांत केसांचे झुपके. हातात स्वतःची मातीची सुरई, आणि तिच्यावर खडूनं मोठ्या वळणदार अक्षरांत लिहिलेलं, 'खोडे'. सावली असलेली खाट त्यांनी पाहिली. तिच्यावर वानखेडे पसरला होता.

"उठा," गुरुजी म्हणाले.

"काऊन?" वानखेडेनं विचारलं.

"मी आलो."

वानखेडे उठला. का उठलो ते त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही. असंच शिबिराच्या कारकुनाचं झालं. हा कारकून गुरुजींचा जुना विद्यार्थी निघाला. नाव लिहून घ्यायला तो ओठात विडी धरून आला, गुरुजींना पाहिलं आणि पेटती विडी मुठीत दाबून धरली. सगळी माहिती लिहून होईपर्यंत त्यानं मूठ उघडली नाही. नंतर वानखेडेनं त्याच्या तळहातावर खोबरेल लावलं. दोन लेकरांचा बाप होता तो.

गुरुजींचा लेखनाविषयीचा विचार एका गोष्टीपाशी सुरू होऊन तिथंच संपत असे, ती म्हणजे अक्षर. मी माझी पहिली गोष्ट त्यांना मोठ्या आशेनं वाचायला दिली. त्यांनी कागद नाकाजवळ नेला, लांब धरला, उन्हाकडे केला.

"वेलांटी लंगडी हाये," ते म्हणाले.

"आणि गोष्ट?"

"ते मी नाई पाह्यलं. वेलांटीतच अटकलो."

त्यांचं स्वतःचं अक्षर मोत्यासारखं होतं हे कबूल करावं लागेल. त्या मोत्यांच्या आत काही नव्हतं, एवढंच.

शिबिराला शिकवायला पुण्याहून साठ्ये नावाचे तज्ज्ञ आणले होते. भला माणूस, पण वर्ध्याच्या उन्हानं पहिल्याच दिवशी त्याची साल काढली. डोक्यावर ओला पंचा टाकून ते आम्हाला शिकवत. त्यांचा एक आवडता शब्द होता, संघर्ष. "गोष्टीत संघर्ष हवा," असं ते सकाळी सांगत, दुपारी सांगत, आणि जेवताना वरणात मीठ कमी असलं तरी त्यांना त्यात तोच दिसे. आम्ही सगळ्यांनी तो शब्द उचलला. वानखेडेसुद्धा आमराईच्या राखणदाराशी झालेल्या बाचाबाचीला संघर्ष म्हणू लागला.

खोडे गुरुजींवर मात्र काही परिणाम झाला नाही. पहिला विषय आला तो घाण पाण्याच्या विहिरीचा. आम्ही सगळ्यांनी आपापल्या गावात पटकीची साथ आणली आणि घाऊक माणसं मारली. गुरुजींनी उभं राहून वर्गात वाचतात तशा खणखणीत आवाजात वाचलं. एका गावात एक विहीर होती. तिचं पाणी घाण झालं. गावकऱ्यांनी ते पाहिलं. त्यांनी विहीर उपसली. पाणी निर्मळ झालं. सर्वांनी ते पिऊन आनंद मानला.

साठ्ये थांबले. "आणि मग?"

"मंग का. पानी पेले."

"पण गुरुजी, आधी कोणी आजारी पडलं का?"

"आजारी पडाच्या आंधीच उपसली नं साहेब. शहाने लोक होते."

"मग यात संघर्ष कुठंय?"

"नाई हाये," गुरुजी म्हणाले. "मंग का बिघडलं?"

हे 'मंग का बिघडलं' त्यांचं रामबाण औषध होतं. कोणत्याही हरकतीवर ते हेच लावत आणि खाली बसत. त्यावर उत्तर देणं कठीण असतं. बिघडलं तर काहीच नव्हतं, हीच तर तक्रार होती.

दुसरी गोष्ट जंगली जनावराची होती. गुरुजींच्या गोष्टीत गावात बिबट्या शिरला. आम्ही सरसावून बसलो. वानखेडे जागा झाला. बिबट्या चावडीपाशी आला, देवळापाशी आला, एका घरासमोर थांबला. त्याची वाट चुकली होती. उजाडल्यावर त्याला वाट दिसली आणि तो परत गेला.

"गावात बकऱ्या नव्हत्या का, गुरुजी?" मी विचारलं.

"होत्या."

"मग?"

"घरात होत्या. दार लावेल होतं."

"बिबट्याला भूक लागली नव्हती?"

गुरुजींनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "तो जेवून आलता," ते म्हणाले.

त्या दिवसापासून शिबिरात कोणाला भूक नसली की तो 'बिबट्या आहे' असं आम्ही म्हणायचो. गुरुजींना ते कळत होतं की नाही देव जाणे. कळत असलं तरी त्यांनी चेहऱ्यावर दाखवलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काही दाखवायला जागाच नव्हती. तिथं कायमचा एक राग पसरलेला असे.

आता असा माणूस निदान स्वभावानं तरी मऊ असावा. तसंही नव्हतं. जेवताना भाकरी करपली म्हणून ते आचाऱ्याला रडवत. कोणी त्यांच्या सुरईला हात लावला तर सुरई रिकामी करून, घासून, नवीन पाणी भरत आणि तोवर त्या माणसाच्या घराण्याविषयी बोलत. एकदा दुपारी त्यांच्या खाटेखाली विंचू निघाला. आम्ही सगळे खाटांवर चढलो. गुरुजींनी शांतपणे जोडा काढला, एका फटक्यात विंचवाचा भुगा केला, जोडा झाडून पायात घातला, आणि लिहायला बसले. वानखेडेनं मागून वाकून वाचलं. गोष्ट विंचवाचीच होती. विंचवाला ऊन लागत होतं, म्हणून तो दगडाखाली जाऊन निजला.

खरी लढाई झाली ती देवीच्या रोगावरच्या गोष्टीवरून. लस टोचून घ्या, एवढं लोकांना पटवायचं होतं. नागपूरला या विषयाचं पुस्तक लवकर हवं होतं आणि समारोपाला तिथून एक अधिकारी येणार होते. साठ्ये साहेबांना गुरुजींची भाषा मनापासून आवडत असे. लहान वाक्यं, ओळखीचे शब्द, नवशिक्याला अडखळायला जागा नाही. हे पुस्तक गुरुजींचंच छापायचं असं त्यांनी ठरवलं. फक्त त्यात काही घडायला हवं होतं.

गुरुजींनी गोष्ट वाचून दाखवली. गावात टोचणारा माणूस आला. सगळे एका ओळीत उभे राहिले. सगळ्यांनी टोचून घेतलं. गोदी नावाची मुलगी आधी भ्याली, पण आईनं हात धरला. टोचणारा निघून गेला.

साठ्येंनी पंचा पिळून पुन्हा डोक्यावर घेतला. "सुंदर. पण टोचून न घेणाऱ्याचं काय झालं ते कुठंय?"

"टोचून न घेनारं कोणी नाई. सारं गाव टोचलं."

"तसं नको. गोदी पळून जाते असं दाखवा. ती टोचून घेत नाही. तिला देवी निघतात. ती जाते."

"कुठी जाते?"

"गुरुजी, मरते."

"नाई मरत."

"अहो, वाचणाऱ्याला भीती वाटायला हवी."

"त्यायले लय भेवा हायेत साहेब. कायले आनखीन एक देता?"

हे उत्तर वाईट नव्हतं, पण साठ्ये आता इरेला पेटले होते. "बरं, मरू देऊ नका. डोळे जाऊ द्या."

"नाई."

"निदान एक डोळा तरी जाऊ द्या."

गुरुजींनी नकारार्थी मान हलवली. आम्ही सगळे कान टवकारून ऐकत होतो. आठवडी बाजारात बैलाचा सौदा चालावा तसं ते चाललं होतं, आणि वानखेडे माझ्या कानाशी लागून म्हणाला, "एका डोळ्यात सुटून राह्यलं होतं. घेऊन टाकाले पाह्यजे होतं गुरुजीनं."

"मग वण तरी?" साठ्ये काकुळतीला आले होते. "तोंडावर थोडे वण?"

या वेळी गुरुजींनी विचार केला. बराच वेळ केला. टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा घातली.

"पाठीवर चालतीन," ते म्हणाले. "तोंडावर नाई. पोरीची जात हाये."

"पाठीवरचे वण लोकांना दिसणार कसे?"

"नाई दिसले. मंग का बिघडलं?"

साठ्ये उठून आत गेले आणि त्यांनी डोक्यावर पाण्याची बादली ओतून घेतली. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. "भोयर, तुमचा हात सफाईदार आहे. गुरुजींच्या गोष्टीचा शेवट तुम्ही करा. भाषा त्यांचीच ठेवा."

मी तो शेवट केला आणि तो उत्तम केला. चार छोट्या वाक्यांत गोदीला ताप चढवला, आईला उशाशी बसवलं, आणि पाचव्यात दिवा विझवला. साठ्ये साहेबांचे डोळे पाणावले. गुरुजींना काही सांगू नका, असं तेच म्हणाले. नाव गुरुजींचं लागणार आहे, छापून आलं की माणूस खूश होतो. कारकुनानं गोष्ट सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवली.

समारोप शाळेच्या मोठ्या कडुनिंबाखाली झाला. नागपूरचे अधिकारी खुर्चीत बसून हातातल्या पंख्यानं वारा घेत होते. जवळच्या गावातून प्रौढवर्गाची माणसं आणि बाया बोलावल्या होत्या, कारण हे सगळं ज्यांच्यासाठी चाललं होतं ते नमुन्यादाखल तरी हजर हवेत. ती बिचारी सतरंजीवर दाटीवाटीनं बसून चहाची वाट पाहत होती. साठ्येंनी खोडे गुरुजींचं नाव पुकारलं आणि उतरवलेले कागद त्यांच्या हातात दिले.

गुरुजींनी आधी अक्षर पाहून नाक मुरडलं. मग वाचायला लागले. टोचणारा आला, गावकरी ओळीत उभे राहिले. गोदी घराच्या मागल्या दारानं पळाली, इथं गुरुजींचा आवाज जरा अडखळला, पण ते वाचत गेले. तिच्या अंगावर फोड आले. आई उशाशी बसली.

तिथं ते थांबले. पुढची ओळ त्यांनी मनात वाचली असावी. त्यांनी कागद उलटून मागं काही आहे का पाहिलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पण परत लावला नाही. चष्म्याशिवाय त्यांना हातातलं अक्षर दिसत नसे.

"मंग सकाळी गोदी उठून बसली," ते म्हणाले. "तिनं मायले भाकर मांगतली."

साठ्ये खाकरले. "गुरुजी, लिहिलंय ते वाचा."

"लिवेल हाये ते चूक हाये."

"ते आपण नंतर बोलू. आत्ता वाचा."

"मायनं भाकर देली," गुरुजी सतरंजीकडे पाहत म्हणाले. "दुधात चुरून देली. गोदीनं खाल्ली. गोष्ट झाली."

त्यांनी कागद टेबलावर ठेवले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड ठेवला, आणि व्यासपीठावरून उतरून सरळ आमच्या खोलीकडे गेले. अधिकाऱ्यांचा पंखा थांबला. श्रोत्यांवर या सगळ्याचा काय परिणाम झाला हे मला लिहायला आवडलं असतं. एका बाईनं दुसरीला विचारलं, "चाय इथंच भेटते का तिकडं जाच लागते?" बाकीचे त्याच उत्तराची वाट पाहत होते.

भाषणं संपवून आम्ही खोलीत आलो तेव्हा गुरुजींची खाट रिकामी होती. ट्रंक नेली होती, सुरई नेली होती. साठ्येंनी त्यांची गोष्ट यादीतून काढली आणि त्या जागी माझी, बिनकठड्याच्या विहिरीची, घातली. ज्याला लिहायचंच नाही त्याच्यावर इतकं डोकं खपवलं याचं सगळ्यांना वाईट वाटलं, आणि मग सगळे आंबे खायला गेले.

फक्त मागच्या दोरीवर एक धोतर वाळत राहिलं होतं. किनारीवर निळ्या दोऱ्यानं, त्याच वळणदार अक्षरात, 'खोडे' असं काढलेलं होतं. मला हिंगणघाटला मामाकडे जायचं होतं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. दुसऱ्याचं धोतर काखोटीला मारून मी आगगाडीत बसलो. छापून येणार असलेल्या लेखकाला हे शोभत नव्हतं.

गुरुजींचं घर एका जिनिंग कारखान्याच्या मागं, सरकीच्या वासात होतं. कारखाना उन्हाळ्यामुळे बंद होता. मी दुपार कलल्यावर पोचलो. ओसरीवर गुरुजी बंडी घालून बसले होते आणि त्यांच्या पुढ्यात एक चाळिशी उलटलेली बाई पाठमोरी बसली होती. गुरुजी तिची वेणी घालत होते. एक वेणी झाली होती, तिला तांबडी फीत बांधली होती. दुसरी निम्मी झाली होती. बाई मांडीवरचे चिंचोके या मुठीतून त्या मुठीत ओतत होती.

गुरुजी उठले नाहीत. वेणी हातात असल्यामुळे त्यांना उठता येत नव्हतं.

"धोतर आनलं का," ते म्हणाले. "ठेवा तिथी. बसा. ही माही बहीन. भागी." मग आवाज खाली न आणता, जशी हवेची गोष्ट सांगावी तसं म्हणाले, "वयानं मोठी झाली, बाकी नाई झाली. माय गेल्यापासून माह्याजवळच हाये. शिबिराचा हुकूम होता म्हून जाच लागलं, त शेजारच्या काकू जेवू घालत. वाळून पार आदमुसी झाली पहा."

त्यांचं लग्न झालेलं नव्हतं हे मला तेव्हा कळलं. घरात दुसरं कोणी असण्याची खूण नव्हती. दोनच पाट, दोनच ताटं.

फीत बांधून झाल्यावर गुरुजी पन्हं करायला आत गेले. भागी वळून माझ्याकडे पाहू लागली. चेहरा गुरुजींचाच, फक्त त्यातला राग कोणी तरी पुसून काढल्यासारखा.

"तुले गोष्ट येते का?" तिनं विचारलं.

"येते त्याले," आतून गुरुजी म्हणाले. "पन आता सांग म्हनू नको त्याले. थकून आला तो."

मी थकलो नव्हतो. शिवाय शिबिराबाहेर कोणी मला प्रथमच गोष्ट मागत होतं. मी माझी निवडून आलेलीच गोष्ट सांगितली. एका शेतकऱ्याच्या विहिरीला कठडा नसतो, आळसानं तो बांधत नाही. त्याचा गुणी बैल, अंधारात पाय घसरून. भागी चिंचोके खाली ठेवून ऐकत होती. असा श्रोता मला पुन्हा मिळाला नाही. गुरुजी पन्ह्याचा पेला घेऊन दारात आले आणि त्यांनी मला थांबवायला हात वर केला, पण तोवर बैल विहिरीत पडला होता आणि मी, सवयीप्रमाणे, त्याला तिथंच ठेवलं होतं.

"मंग?" भागी म्हणाली.

"मग संपली."

"बैल कुठी हाये?"

 ती उठली. चिंचोके अंगणात सांडले. अनवाणीच ती फाटक उघडून उन्हात निघाली, दोन वेण्या पाठीवर हलत होत्या. ती रडत नव्हती, घाईनं चालत होती, जणू उशीर झाला तर बैल बुडेल.

गुरुजींनी पेला माझ्या हातात दिला, खुंटीवरची छत्री काढली आणि तिच्या मागं गेले.  मी पेला तिथंच ठेवून त्यांच्या मागं गेलो.

"भागे, थांब," गुरुजी तिच्यावर छत्री धरत म्हणत होते. "तिकडं इहीर नाई. बैल निंगाला कवाचाच. नदीवर गेला पानी प्याले."

"खरंच?"

"खरंच. चाल, दाखवतो."

चालताना ते मला म्हणाले, पण माझ्याकडे न पाहता, "एकडाव मीच चुकलो. वाघानं बकरी खाल्ली, असं सांगतलं. तवा लहानच होती ती. बकरी घरी येत नाई तवरिक जेवलीच नाई."

वेणा नदी उन्हाळ्यात आटून एका डोहापुरती उरली होती. डोहात एक धिप्पाड गाडीवान बैलजोडी धूत होता. गुरुजींना पाहताच त्याच्या तोंडातली विडी पाण्यात गेली.

"रामा," गुरुजींनी वर्गातल्या आवाजात हाक मारली. "तुहा बैल इहिरीत पडलता नं?"

गाडीवानानं एकदा गुरुजींकडे पाहिलं, एकदा भागीकडे. विचार करायला त्याला वेळ लागला नाही.

"हाव गुरुजी. पडलता."

"निंगाला नं मंग?"

"निंगाला. धा मानसं लागले, पन निंगाला."

"कोनता?" भागीनं विचारलं.

रामानं दोन्ही बैलांवर नजर फिरवली आणि पांढऱ्याच्या पाठीवर थाप मारली. भागी लुगडं ओलं करत गुडघाभर पाण्यात शिरली. तिनं बैलाचा एक एक पाय वरून खालपर्यंत चाचपला, शिंगं पाहिली, कान उलटून पाहिले. बैल गरीब होता, उभा राहिला. मग ती माझ्याकडे वळली, कारण गोष्ट माझी होती.

"घरी गेल्यावर याच्या मायनं का म्हटलं?"

मी गुरुजींकडे पाहिलं. ते छत्री मिटून वाळूत टेकवून उभे होते.

"सांगा," ते म्हणाले. "तुमाले इचारते ते."

"आईनं त्याला चाटलं," मी म्हणालो.

"मंग?"

"मग मालकानं गव्हाणीत कुटार टाकलं."

"खाल्लं त्यानं?"

"खाल्लं. पोटभर खाल्लं. मग झोपला."

भागीनं थोडा विचार केला, बैलाच्या मानेवरून हात फिरवला आणि पाण्याबाहेर आली. गुरुजींनी छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली. दोघं वाळूतून गावाकडे निघाली. गुरुजींच्या टकलावर ऊन पडत होतं, कारण छत्री सगळी तिच्याच बाजूला होती.

मीही निघालो तेव्हा रामा नवी विडी पेटवत होता. गुरुजी पुरेसे लांब गेलेत याची खात्री करून त्यानं झुरका घेतला.

"बैल होता म्हून बरं झालं मास्तर," तो म्हणाला. "मांगं एक पाव्हना आलता, त्यानं गोष्टीत हरीन मारलं. मंग आमी साऱ्यायनं हरीन कुठून आनाव?"

"मग काय केलंत?"

"गुरुजीनं सांगतलं, हरीन दिसत नाई, पन गेल्याचे पाय दिसते. मी सकाळी येऊन वाळूत बोटानं पाय काढले. पार त्या काठापर्यंत." त्यानं नदीपलीकडे हात केला. "ते पाहून मंग जेवली."

पुढं छत्रीखाली भागी काही तरी विचारत होती, आणि खोडे गुरुजी वाकून, तिच्या चालीनं हळू चालत, तिला उत्तर देत होते.